पुऱ्या तळणारा ट्रक

डिझेल गाडीचा धूर तीन रंगांचा असतो आणि या तीन रंगांवर माझं घर चाललं, दोन पोरींची लग्नं झाली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावात, गडचिरोली रोडला लागून माझं पंप-नोझलचं दुकान आहे. चौतीस वर्षं झाली. आता हात थरथरतात म्हणून शटर अर्धंच उघडतो, पण रस्त्यानं एखादा जुना ट्रक गेला की हातातला पेपर खाली ठेवून मी त्याच्या मागच्या बाजूकडेच पाहतो. बायको म्हणते, "लोकं तोंड पाह्यतात, तुमी सायलेन्सर पाह्यता." तिचं खरं आहे. लग्नाच्या वरातीतसुद्धा माझं लक्ष नवरदेवाच्या गाडीच्या धुराकडे असतं.

ज्यांनी कधी बोनेट उघडून पाहिलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगून टाकतो, म्हणजे पुढची भानगड नीट कळेल. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी जोरात दाबायची की ती तापून निघते, आणि त्या तापल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारायचा. तो आपोआप पेटतो. हा फवारा मारणारी वस्तू म्हणजे इंजेक्टर, आणि त्याच्या टोकाला असतं नोझल. नोझलची भोकं इतकी बारीक की उजेडाकडे धरूनही धड दिसत नाहीत. तिथून डिझेल धुक्यासारखं उडालं पाहिजे. ते थेंबथेंब गळायला लागलं की गाडी बिघडली.

आता रंग. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. पांढरा धूर म्हणजे डिझेल न पेटताच बाहेर पडून राह्यलं. आणि निळा धूर म्हणजे इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन राह्यलं, रिंगा-पिस्टन झिजले, म्हातारपण आलं. पहिल्या दोन रोगांना माझ्याकडे औषध असतं. तिसऱ्याला इंजिन पूर्ण खोलावं लागतं, आणि जुन्या गाडीत तो खर्च गाडीच्या किमतीच्या घरात जातो.

हे पुस्तकातलं झालं. खरी गाडी पुस्तक वाचून बिघडत नाही. माजरीच्या कोळसा खाणीकडचा एक टिप्पर माझ्याकडे आला होता, इतका काळा धूर की मागचा मोटारसायकलवाला शिव्या देत पुढे निघून जायचा. तीन मिस्त्र्यांनी तीनदा इंजेक्टर बदलले होते. मी इंजेक्टरला हातच लावला नाही. आधी हवेचा रस्ता पाहायचा हा माझा नेम. एअर फिल्टरच्या तोंडाला ड्रायव्हरनं आपली जुनी लुंगी बांधून ठेवली होती, कोळशाची धूळ आत जाऊ नये म्हणून. बांधली आणि विसरला. तिच्यावर धूळ बसून बसून तिचा पापड झाला होता, गाडीला श्वासच मिळत नव्हता. मी लुंगी सोडली, गाडी चालू केली, धूर गायब. ड्रायव्हर लुंगी झटकत म्हणाला, "भाऊ, हे तं मी घरी शोधून राह्यलो होतो."

अशा गोष्टींनी माणसाचं नाव होतं, आणि नाव झालं की माणूस जरा फुगतो. मी फुगलो होतो. रस्त्यापलीकडून धूर पाहून मी रोग सांगायचो. वासावरून सांगायचो की डिझेलमध्ये रॉकेल मारलंय, की हेड गॅस्केटमधून पाणी येतंय. लोक दुरून मला बोलवायला यायचे, जुनी गाडी घेताना "मिस्त्रीभाऊचा शब्द घ्या" म्हणायचे. आता ज्या शब्दानं माझी चांगलीच जिरली, त्याची गोष्ट सांगतो. दोन हिवाळ्यांपूर्वीची आहे.

गुरुवार होता, सकाळचे अकरा वाजले असतील. एक सहाचाकी ट्रक दुकानापुढे थांबला. पंधरा वर्षं जुना, जुन्या पद्धतीच्या पंपाचा, म्हणजे माझ्या हाताच्या सवयीचा. कॅबिनमधून आधी एक बाई उतरली. पन्नाशीची, लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेली, पायात पोराचे असावेत असे बूट. ही यशोदाबाई. सिंदेवाहीकडच्या एका तलावाच्या गावची, तिथल्या बायकांच्या मासेमार संस्थेची अध्यक्ष. स्टिअरिंगवर तिचा धाकटा दीर दिवाकर होता.

"मिस्त्रीभाऊ, आमच्या संस्थेनं हे गाडी घेतली," ती म्हणाली. "म्हणजे घेतली नाई, घेऊन राह्यलो. अहेरीच्या एका ठेकेदाराची हाय. रविवारपर्यंत वापसीची बोली हाय."

ही वापसीची बोली काय असते ते सांगायला हवं. आमच्याकडे जुनी गाडी घेताना तोंडी ठरतं, अमुक दिवसापर्यंत चालवून पाहा, पटली नाही तर परत आणा. तो दिवस गेला की गाडी तुमची आणि तिचे रोगही तुमचे. कागद होत नाही, पण ही बोली मोडलेली मी तरी पाहिली नाही. मात्र परत करताना नुसतं "पटली नाई" म्हणून चालत नाही. एखाद्या नावाच्या मिस्त्रीनं "इंजिन खराब आहे" असं सांगावं लागतं. आमच्या भागात तो मिस्त्री मी होतो.

"सोमवारी तलावात मोठं जाळं पडते," यशोदाबाई सांगत होती. "दरवर्षी व्यापारी येते. त्याची गाडी, त्याचा काटा, त्याचाच भाव. मासोळी काठावर पडली की दोन घंट्यात नरम होते, मंग तो जे म्हणन ते आमाले मान्य. यंदा आमी ठरवलं, आपली गाडी, आपला बर्फ, चंद्रपूरच्या बाजारात आपण न्यायची. आता हे गाडी सकाळी पांढरा धूर फेकते, चढावर काळा फेकते, अन मधातच उभी राह्यते. रस्त्यात उभी राह्यली तं मासोळी तिथीच सडन. सत्तावीस घरायचं वर्षभराचं काम हाय, भाऊ."

मग तिनं जे विचारलं ते मी कधी विसरणार नाही. चौतीस वर्षांत कोण्या ड्रायव्हरनं, मालकानं इतकं नेमकं विचारलं नव्हतं.

"मले इतकंच सांगा. हा धूर बिमारीचा हाय का म्हातारपणाचा?"

मी खूश झालो. असं गिऱ्हाईक मिळालं की काम करायला हुरूप येतो. मी म्हटलं, "बाई, बसा. दोन घंट्यात सांगतो."

गाडी चालू ठेवून मी एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट जरासा ढिला करत गेलो. सहा सिलिंडर. चांगल्या सिलिंडरचा नट ढिला केला की त्याचं डिझेल तुटतं आणि इंजिनचा आवाज लगेच लंगडतो. ज्याचा नट ढिला करूनही आवाज बदलत नाही तो आधीपासूनच काम करत नसतो. दोन नंबर आणि पाच नंबर, आवाज जसाच्या तसा. हे दोघं आळशी. यशोदाबाई जवळ उभी राहून ऐकत होती. पाच नंबरला मी नटाला हात लावला तशी तीच म्हणाली, "हा बी मेलेलाच हाय." तिचा कान माझ्याइतकाच तयार होता.

इंजेक्टर काढले. नोझलची तोंडं काळ्या चिकट थरानं भरली होती, नखानं खरवडली तर लाखेसारखी खपली निघत होती. टेस्टरवर लावून दांडा दाबला, फवाऱ्याच्या जागी धार. मी सहाही नोझल नवी घातली, प्रेशर लावलं, तांब्याचे वॉशर बदलले, गाडी जुळवली. तोवर तीन वाजले, ऊन चांगलं तापलं होतं. दिवाकरनं चावी फिरवली आणि पहिल्याच झटक्यात गाडी उठली. धूर नाही. रेस दिली तर काळी एक झुळूक, लगेच साफ. मी सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा रुमाल धरला आणि यशोदाबाईला दाखवला.

"बिमारी होती, गेली," मी म्हटलं. "गाडी ठेवा."

ती सायलेन्सरजवळ वाकली. मग म्हणाली, "भाऊ, याच्या धुराले घरच्यासारखा वास येते. मोहाच्या तेलात पुऱ्या तळल्यावानी."

दिवाकर हसला, मीही हसलो. "बाई, तुमाले भूक लागली असन," मी म्हटलं. "इंजिन काही पुऱ्या तळत नाई."

आता एक गोष्ट कबूल करतो, जी तोपर्यंत बायकोशिवाय कोणाला माहीत नव्हती. माझं नाक मेलेलं होतं. एका तापानंतर वास गेला तो परत आलाच नाही. भाजी करपली तरी मला कळत नव्हतं. पण धुराचा वास घेऊन रोग सांगणारा मिस्त्री अशी माझी कीर्ती, ती कशी सोडू? मी आपला पहिल्यासारखा वाकायचो, नाक फुगवायचो, मान हलवायचो. सगळं नाटक. त्या दिवशीही मी तिच्या शेजारी वाकून हुंगल्यासारखं केलं आणि म्हटलं, "डिझेलचाच वास हाय." कशाचाच वास आला नव्हता.

शुक्रवारी सकाळी सहालाच दिवाकरचा फोन. गाडी उठत नाही. मी स्वेटरवर स्वेटर चढवून मोटारसायकल काढली. त्या आठवड्यात थंडी अशी पडली होती की हँडल धरवत नव्हतं. गावात पोचलो तर तलावावर वाफ तरंगत होती, काठावर बायका जाळं पसरून भोकं सांधत बसल्या होत्या आणि त्यांच्यापुढे ट्रक खोकत होता. दिवाकर चावी फिरवायचा, पांढऱ्या धुराचा ढग निघायचा, इंजिन दोन-चार गचके देऊन मरायचं.

माझं डोकं गरम झालं. नोझल नवी, प्रेशर मी स्वतः लावलेलं. माझ्या कामात चूक असणं शक्य नाही असं मी मनात धरून बसलो. मग दोष कोणाचा? इंजिनचा. कसाबसा एकदा ट्रक उठला तसं मी ऑइलचं झाकण उघडून पाहिलं, आतून धूर येत होता, रिंगा झिजल्या की येतो तसा. झालं. माझं ठरलं.

"बाई, रिंगा गेल्या," मी सगळ्या बायकांच्या देखत सांगितलं. "म्हातारपण हाय. वापस करा. ठेकेदाराले माझं नाव सांगा."

जाळ्यावरचे हात थांबले. यशोदाबाईनं वाद घातला असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तुमी म्हणता तं वापस." आणि एका बाईकडे वळून, "व्यापाऱ्याले फोन करून ठेव, सोमवारी ये म्हणा." तिच्या आवाजातला सगळा जीव गेला होता. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर त्या वेळी माझा शब्द खाली पडला नाही याचं समाधान जास्त होतं. आज लिहितानाही त्याची लाज वाटते.

परत करायची तरी गाडी अहेरीपर्यंत गेली पाहिजे. म्हणून निदान फिल्टर साफ करून देतो म्हटलं. फिल्टरखालचा स्क्रू ढिला केला आणि डिझेल धरायला भांडं मागितलं. यशोदाबाईनं घरून जर्मनचा गंज आणला, म्हणजे पातेलं. डिझेल त्यात पडायला लागलं आणि मी पाहतच राहिलो. डिझेल पाण्यासारखं आरपार असायला हवं. हे ढगाळ होतं, आणि त्यात थिजल्या तुपासारख्या पांढऱ्या गुठळ्या तरंगत होत्या.

यशोदाबाईनं माझ्या आधीच बोट बुडवलं. अंगठ्यानं गुठळी चोळली, ती विरघळली. तिनं बोट नाकाशी नेलं आणि गंज माझ्यापुढे धरला.

"अगा, हे मोहाचं तेल हाय. काल म्हटलं नव्हतं का मी?"

आमच्याकडे मोहाच्या बियांचं तेल घाणीवर काढतात. त्यात तळतात, दिवा लावतात, अंगाला चोळतात. उन्हाळ्यात ते पातळ असतं आणि हिवाळ्यात बाटलीत दगडासारखं बसतं, बाटली उन्हात ठेवल्याशिवाय धार पडत नाही. हे आमच्या भागातल्या लहान पोरालाही माहीत. मलाही माहीत होतं. पण ट्रकच्या टाकीत ते असेल हे कोणाच्या बापाला सुचलं असतं?

आंघोळीचं पाणी चुलीवर तापलंच होतं. मी बादलीत कढत पाणी ओतलं आणि गंज त्यात ठेवला. बघता बघता गुठळ्या गेल्या, डिझेल काचेसारखं साफ झालं. बाहेर काढून काठावरच्या गार फरशीवर ठेवला. थोड्या वेळात परत ढग, परत गुठळ्या. मी परत बादलीत ठेवला. परत साफ. तिसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की एक म्हातारी जाळं टाकून उठली. मला वाटत होतं नाचावं. सगळं एकाला एक जुळलं होतं. दुपारी ऊन तापलं की तेल पातळ, गाडी फर्स्टक्लास. सकाळी थंडीत तेल थिजलं की फिल्टर तुंबला, फवारा बिघडला, पांढरा धूर. नोझलवरची लाखेसारखी खपली म्हणजे जळलेल्या तेलाचीच. आणि हे लोक गाडी पाहायला अहेरीला गेले ते भर दुपारी.

"बाई, रिंगा गेल्या नाईत. थोडा धूर झाकणातून कोणत्याही जुन्या इंजिनाचा येतो. मी चुकलो," मी म्हटलं. आणि मग तोंडून निघूनच गेलं, "मले वास येत नाई. चार वर्षं झाली."

तिनं विचारलं, "मंग काल काऊन हासले?"

मला त्या क्षणी चिमूरकडचा एक माणूस आठवला. त्याच्या ट्रकला मी असंच "इंजिन गेलं" म्हणून सांगितलं होतं, तोही धुराच्या वासाबद्दल काहीतरी बोलत होता, आणि मी ऐकून घेतलं नव्हतं. त्यानं गाडी भंगारात कापली. तिला खरंच काय झालं होतं ते आता कधीच कळणार नाही.

पण रविवार तोंडावर होता. आधी हे कळायला हवं होतं की तेल टाकलं कोणी आणि किती. ठेकेदारानं गाडीसोबत तिच्या जुन्या ड्रायव्हरचा नंबर दिला होता. मलय्या त्याचं नाव, सिरोंचाकडचा, अकरा वर्षं त्यानंच ही गाडी चालवली. दिवाकरनं फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

"मलय्याभाऊ, टाकीत मोहाचं तेल तुमी टाकलं का?" मी विचारलं.

"टाकलं ना अन्ना," तो आनंदानं म्हणाला. "आजकालचा डिझेल सुका हाय. पंपले चिकनाई पायजे. मी हर टाकीत एक लोटा टाकतो. कंपनीचा पंप अकरा साल चालला, खोलला नाई."

"थंडीतही टाकता?"

"थंडीमध्ये नाई. जमून जाते. थंडीमध्ये बंद."

"मग या वेळी काऊन टाकलं?"

"गाडी विकली ना अन्ना. नवे लोकं, ते काय करते, नाई करते, मले काय मालूम. पोरगी सासरी जाते तं डोक्याले तेल लावून धाडतो का नाई आपण? म्हणून जाताना अख्खा डबा टाकला."

मग जाळं टाकून उठलेली ती म्हातारी हसायला लागली आणि सगळा काठ हसायला लागला. मलय्या फोनवरून विचारत होता, "काय झालं? चालून राह्यली ना माझी गाडी?" यशोदाबाईनं फोन हातात घेतला. मला वाटलं झापते आता. ती म्हणाली, "चालन, भाऊ. पण आता तिच्या डोक्याले तेल नका लावू." मग फोन ठेवून मला म्हणाली, "मनाचा चांगला हाय बिचारा. आता सांगा, रविवारच्या आत हे निघन का?"

मी म्हटलं, "निघन." या वेळी छाती फुगवून नाही, हात जोडून म्हटलं.

शनिवारी आम्ही ती गाडी अशी धुतली की ती नवीन असतानाही कोणी तशी धुतली नसेल. टाकी खाली उतरवली. तळाशी बोटभर थिजलेला थर होता. बायकांनी कढत पाणी आणि कपड्याचा सोडा घालून टाकी चार वेळा घोळली, मोठे गंज घासतात तशी आतून चिंध्यांनी पुसली, उन्हात पालथी घातली आणि एक थेंब पाणी राहिलं नाही हे मी स्वतः बॅटरी मारून पाहिलं. तोवर मी पाइप फुंकले, दोन्ही फिल्टर नवे बसवले, पंप साफ डिझेलनं धुतला, सहाही इंजेक्टर परत उतरवून पुसले. दिवाकरचे हात कोपरापर्यंत काळे. चहा कोणीतरी तोंडाशी धरायचं आणि आम्ही तसाच प्यायचो. इतक्या वर्षांत कामाला एवढी मजा मला आली नव्हती.

दुपारी व्यापारी आला. अंगानं भरलेला माणूस, पांढरी पिकअप बांधावर उभी करून खाली उतरला. सुटे इंजेक्टर पोत्यावर मांडलेले पाहून म्हणाला, "यशोदाबाई, मासोळी विकाची का भंगार? सोमवारी सकाळी येतोच मी. गाडी रिकामीच आणतो."

"या ना," ती म्हणाली. "चहा घ्याले या." आणि टाकी घासत राहिली.

रविवारी पहाटेची थंडी शुक्रवारपेक्षा जास्त होती. मला हेच पाहिजे होतं. गाडी रात्रभर उघड्यावर ठेवायला मी मुद्दाम सांगितलं होतं, इंजिनवर पोतंही टाकू दिलं नाही. सहा वाजता दिवाकर वर बसला. बायका, गडी, पोरं, सगळं गाव शाली पांघरून उभं. त्यानं चावी फिरवली. इंजिन दोनदा घरघरलं आणि उठलं. पांढऱ्या धुराची एक गुंडाळी निघाली, पातळ झाली, संपली. मी ऑइलचं झाकण उघडून धूर पाहिला, जुन्या गाडीचा असतो तेवढाच. लोक माझ्याकडे पाहायला लागले. मी यशोदाबाईकडे पाहिलं आणि म्हटलं, "बाई, मी काही म्हणत नाई. तुमी वास घ्या."

ती गेली, वाकली, हुंगलं. "डिझेल," ती म्हणाली. "नुसतं डिझेल." मग सरळ झाली. "पण भाऊ, रिकामी गाडी कोणतीबी उठते. मले भरली चालवून दाखवा."

तिचं बरोबर होतं. माझ्याकडून दोन वेळा चूक झाली होती, तिसऱ्या शब्दावर ती सत्तावीस घरं कशाला टांगेल? पण सकाळी सकाळी भरायचं काय? तिनंच ते सोडवलं. धान घरोघरी नुकतंच आलं होतं. तिनं हाक दिली आणि घराघरांतून धानाची पोती यायला लागली. कोणी डोक्यावर, कोणी सायकलवर, दोघीदोघी मिळून. ज्याची त्याची खूण पोत्यावर चुन्यानं केलेली. अर्ध्या तासात ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्या दबल्या. यशोदाबाई पोत्यांवर जाऊन बसली, मी कॅबिनमध्ये दिवाकरजवळ.

गावाबाहेर जंगलात टेकडीचा एक लांब चढ आहे. माझ्या दुकानी येण्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी, याच चढावर गाडी उभी राहिली होती. दिवाकरनं खालच्या वळणावर दुसरा गिअर टाकला. माझे कान इंजिनमध्ये, हात दारावर घट्ट. मधल्या वळणाला बुधवारची जागा आली आणि दिवाकर स्टिअरिंगवर पुढे वाकला. गाडीचा आवाज जड झाला, पण तुटला नाही. सहाच्या सहा सिलिंडर एका तालात ओढत होते. मी आनंदानं दिवाकरच्या मांडीवर थापा मारत होतो आणि तो म्हणत होता, "भाऊ, क्लच सुटन ना." माथा आला. मी खिडकीतून मागे डोकं काढून पाहिलं. पोत्यांवर बसलेल्या यशोदाबाईनं हात वर केला होता आणि खालचा पूर्ण रस्ता मोकळा दिसत होता.

माथ्यावरच तिनं ठेकेदाराला फोन लावला. "गाडी आमची," एवढंच म्हणाली. मग मला विचारलं, "उद्या येता ना?" आमच्याकडे पद्धत आहे, मोठं काम केलेली गाडी पहिल्यांदा माल घेऊन निघाली की मिस्त्री सोबत बसतो. बुडाली तर त्याच्यासकट बुडावी म्हणून असेल. मी म्हटलं, "येतो."

सोमवारी जाळं पडलं. मी लहानपणापासून तलाव पाहत आलो, पण तशी ओढ पाहिली नव्हती. दोन्ही काठांनी माणसं जाळं खेचत आली तसं मधलं पाणी उकळल्यासारखं उसळायला लागलं. रोहू, कतला, मरळ. ट्रकमध्ये बर्फ, बर्फावर मासळी, मासळीवर बर्फ, वर ओली पोती. व्यापारी आला होता, चहा प्यायला, बांधावर उभा राहिला. त्यानं भाव वाढवून पाहिला. यशोदाबाईनं मान हलवली आणि काष्टा सावरून कॅबिनमध्ये चढली. दिवाकर, मी आणि मधे ती. गाडी पहिल्या झटक्यात उठली.

मूलच्या रस्त्याला लागलो तर मागून पांढरी पिकअप येत होती, रिकामी. पुढे जायला तिला जागा नव्हती, रस्ता अरुंद होता. मी आरशात पाहिलं. जुन्या ट्रकच्या मागे चालणाऱ्या गाडीतलं कधी काही दिसत नसतं, मधे धूरच असतो. त्या दिवशी मधे काहीच नव्हतं. पिकअपच्या काचेमागचा व्यापाऱ्याचा चेहरा, त्याच्या कपाळावरची आठी, तोंडातला पानाचा तोबरा, सगळं साफ दिसत होतं. मी यशोदाबाईला आरसा दाखवला. तिनं वाकून एकवार पाहिलं, परत सरळ बसली.

"दिवाकर," ती म्हणाली, "गाडी जरा हळू घे. पाहू दे त्याले."